एफडी मोडू की कर्ज काढू? आधी तो एक मिलिमीटर तपासू

पत्र डोंबिवलीहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई अनुदानित शाळेतून गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, वय ६०. पेन्शन महिना ३८ हजार. यजमान ६४ वर्षांचे, खासगी नोकरीत होते, त्यांचं पेन्शन नाममात्र. ग्रॅच्युइटी, पेन्शन विकून आलेले पैसे आणि दोघांचा पीएफ मिळून ५८ लाखांच्या एफडी. राहता फ्लॅट स्वतःचा, कर्ज नाही. आजोळ मालवणचं, त्यामुळे देवबागेत भरतीच्या रेषेपासून साठ मीटरवर एक ‘सी-टच’ कॉटेज घ्यायचं मनात आहे. किंमत ४५ लाख. वर्षातला एक महिना स्वतः राहायचं, बाकी दिवस विकणारी कंपनीच पर्यटकांना देणार. पहिली तीन वर्षं ९ टक्के ‘अ‍ॅश्युअर्ड’ भाडं. टोकन दोन लाख देऊन झालं आहे. प्रश्न एकच: “४५ लाखांच्या एफडी मोडू, की निम्म्या मोडून बाकीच्यासाठी फ्लॅटवर कर्ज काढू?”

आणि खाली ताजा कलम: “समुद्राची काळजी नाही. एजंटने तक्ता दाखवला. जगात समुद्र वर्षाला साडेतीन मिलिमीटर वाढतो, मुंबईत फक्त एक. म्हणजे २० वर्षांत दोन सेंटीमीटर. हिशेब मी स्वतः तपासला.”

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते लहान आहे. कर्ज काढलंत तर २२ लाखांना, १० टक्क्यांनी, १० वर्षांचा हप्ता २९ हजार. उरलेल्या ३५ लाखांच्या एफडीचं व्याज महिना २० हजार, पेन्शन ३८, कंपनीचं भाडं ३४. भाडं येतंय तोवर हातात ६३ हजार, थांबलं की २९ हजार. सगळं एफडीतून दिलंत तर हप्ता नाही, पण दोघांच्या म्हातारपणासाठी गाठीला १३ लाख. एक मोठं आजारपण आणि त्यातले निम्मे गेले. दोन्ही वाटा नकोत.

पण मला खरी भीती वाटली ती ताज्या कलमाची. तुमचा गुणाकार बरोबर आहे. गुणायला जो आकडा हातात दिला गेला, तो चुकीचा आहे.

मुंबईचा एक मिलिमीटर खोटा नाही. अपोलो बंदरावर भरतीमापक आहे, त्याच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. इतक्या जुन्या नोंदी आशियात फार थोड्या ठिकाणी मिळतात. त्या सगळ्या काळाची सरासरी काढली की एक मिलिमीटरच्या आसपास येते. जगाचा साडेतीनचा आकडा मात्र १९९३ पासूनचा, उपग्रहांनी मोजलेला. म्हणजे एका मुलाची पहिली ते दहावीची सरासरी आणि दुसऱ्याचे फक्त दहावीचे गुण शेजारी ठेवून एजंटने पहिला कच्चा ठरवला. वर्गात कुणी असा तक्ता आणला असता तर तुम्ही तो तिथेच परत केला असता.

आता एकच काळ घेऊन बघा. १९०१ ते १९७१ या काळात जगाची सरासरीही वर्षाला १.३ मिलिमीटरच होती. २००६ ते २०१८ मध्ये ती ३.७ झाली. आपल्या उत्तर हिंदी महासागराचं तेच. भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो की १८७४ ते २००४ मध्ये वाढ वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर होती आणि १९९३ ते २०१७ मध्ये ३.३. आपला समुद्र मागे राहिलेला नाही, जगाच्या बरोबरीने चालला आहे. जगाचा वेग आता वर्षाला साडेचारच्या आसपास पोचला आहे. तेव्हा २० वर्षांचा हिशेब दोन सेंटीमीटर नव्हे, आठ ते दहा सेंटीमीटर धरा. तुमच्या आकड्याच्या चौपट-पाचपट.

तरीही ‘प्रत्येक ठिकाणी समुद्र सारखा वाढत नाही’ हे एजंटचं वाक्य खरंच आहे. म्हणूनच ते खपतं. ही तफावत कुठून येते हे समजलं, तर पुढच्या वेळी कुणी आकडा दाखवला की काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

भरतीमापक ज्या खांबाला लावलेला असतो, त्या खांबाच्या तुलनेतच तो पाणी मोजतो. पाणी वर आलं की जमीन खाली गेली, हे त्याला कळत नाही. स्टॉकहोममध्ये समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटरने उतरताना दिसतो, कारण हिमयुगात तिथे किलोमीटरच्या हिशेबात जाडीचा बर्फ बसला होता, तो वितळला आणि दबलेली जमीन हजारो वर्षांनंतर आजही वर येते आहे. उलट जकार्तात लोकांनी जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की शहराचे उत्तरेकडचे भाग खचत गेले. इंडोनेशियाने २०१९ मध्ये राजधानी हलवायची घोषणा केली, त्यामागे हेही एक कारण होतं. आपल्याच देशात कोलकात्याखालच्या डायमंड हार्बरला १९४८ ते २००५ च्या नोंदींत वाढ वर्षाला पाच मिलिमीटरच्या वर दिसते, कारण गाळाची जमीन बसते आहे. अपोलो बंदर कोलकात्यापेक्षा सुरक्षित दिसतं ते मुंबईखालच्या काळ्या कातळामुळे. तिथला समुद्र काही जास्त मायाळू नाही.

दुसरं कारण ऐकायला विचित्र वाटेल, पण आपल्यासाठी तेच महत्त्वाचं. ग्रीनलंडवरचा बर्फ इतका जड आहे की तो आजूबाजूचं समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ वितळला की ही ओढ कमी होते. मग ग्रीनलंडपासून दोनेक हजार किलोमीटरच्या आत समुद्र उलट खाली जातो आणि ते पाणी लांबच्या किनाऱ्यांच्या वाट्याला येतं. अंटार्क्टिकाचंही तसंच. आपण दोन्ही टोकांपासून लांब, म्हणून दोन्हीकडचं पाणी आपल्याकडे.

तिसरं, तापलेलं पाणी फुगतं आणि सगळे समुद्र सारखे तापत नाहीत. उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने तापला, जगाच्या सरासरीपेक्षा जास्त. वारेही आहेतच. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे जोरात वाहिले की प्रशांत महासागराच्या पश्चिम भागात पाणी साठतं, तिथला समुद्र काही वर्षं जगाच्या कितीतरी पुढे धावतो आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर वाढ जवळजवळ दिसत नाही. मग वारा बदलतो आणि हिशेबही बदलतो. म्हणून दहा-पंधरा वर्षांचा सोयीचा तुकडा कापून कुणी आलेख दाखवला, तर त्याच्या जिवावर पैसे लावायचे नाहीत.

आता देवबाग. मुंबईच्या कातळावरचा आकडा तुम्ही अशा जागेला लावला, जिथे पायाखाली कातळच नाही. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी जीभ. नदी वाळू आणते, लाटा ती नेतात, आणि या देवाणघेवाणीवर गाव उभं आहे. संगमाजवळचं ते ‘त्सुनामी आयलंड’ तुम्ही पाहिलं असेलच. वाळू तिथे वर येते, सरकते, बुडते. देवबागची धूप जुनी आहे, तिथले बंधारे पाहूनच कळतं. तुमच्या आजोळच्या कुणालाही विचारा, उधाणाच्या रात्री झोप लागते का.

वाळूच्या किनाऱ्यासाठी एक ढोबळ ठोकताळा वापरतात: पाणी एक सेंटीमीटर चढलं की किनारा अर्धा ते एक मीटर मागे सरतो. दहा सेंटीमीटरला पाच ते दहा मीटर. साठ मीटरमधून दहा गेले तर पन्नास उरले, असं तुम्ही म्हणाल. पण वजाबाकी दरवर्षी सारखी होत नाही. पाच वर्षं काहीच होत नाही आणि एका वादळात सगळी होते. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’, २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’, २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’: तीन वर्षांत तीन वादळांनी कोकणाला झोडपलं. समुद्र दहा सेंटीमीटर चढलेला असताना तीच लाट आणखी आत येते. शिवाय शेजाऱ्याने दगडी बांध घातला की त्याची लाट तुमच्या कुंपणाखालची वाळू उकरते.

विहिरीचा विचार एजंटच्या कागदात कुठेच नाही. अशा वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्र चढला, वर पर्यटकांसाठी पंप लावून उपसा वाढला, की विहीर मचूळ होते. भिंतीला तडाही न जाता कॉटेज टँकरवर येतं.

मग म्हणाल, विमा काढू. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ आहे, पूर आहे, जमीन खचणंही आहे. पण त्या खचण्यातून किनाऱ्याची किंवा नदीची धूप स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. जो धोका या जागेला सगळ्यात मोठा आहे, तोच विम्याबाहेर. वाळू हळूहळू गेली तर एक रुपया मिळणार नाही.

आणि साठ मीटरवर पक्कं बांधकाम उभं कसं राहणार, हे कुणी सांगितलं का? २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर, २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक असतील तरच ना-विकास क्षेत्र (जिथे नवं बांधकाम करता येत नाही) ५० मीटरवर येतं. नाहीतर २०० मीटर. सर्व्हे नंबर घेऊन मंजूर नकाशावर पाहा. सातबारा कुणाच्या नावावर आहे, जमीन एनए (बिगरशेती) आहे का, हेही बघा. शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती घेता येत नाही. तुमच्या पत्रात ‘तीस वर्षांचा करार’ असा शब्द आहे. म्हणजे बहुधा तुम्ही जमीन विकत घेतच नाही आहात, भाडेपट्टा घेताय. तीस वर्षांनी तुमच्याकडे काय उरेल, हे त्या करारात शोधा.

त्या ९ टक्क्यांबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. वर्षाला चार लाख, तीन वर्षांचे बारा. ४५ लाख आधीच हातात आल्यावर त्यातलेच बारा हप्त्याहप्त्याने परत देणं कुणालाही जमतं. हेच ४५ लाख एफडीत ७ टक्क्यांनी वर्षाला तीन लाख पंधरा हजार देतात. म्हणजे तीन वर्षांत पावणेतीन लाख जास्त मिळावेत म्हणून सगळी मुद्दल वाळूवर ठेवायची. चौथ्या वर्षी? पावसाळ्यात तिथले जलक्रीडेचे धंदे बंद असतात. वर्षाला १२० रात्री, अडीच हजारांनी, तीन लाख. कंपनीचा वाटा, रंग, गंजलेलं लोखंड, रखवालदार वजा केले तर दीड लाख उरले तरी खूप. ४५ लाखांवर तीन-साडेतीन टक्के. निवृत्त शिक्षिकेसमोर हा कागद ‘पेन्शन प्लॅन’ म्हणून ठेवणाऱ्याने तुमच्या आयुष्याचा विचार केलेला नाही.

तुमची इच्छा मात्र मला पूर्ण समजते. साठीनंतर आजोळी, माडांखाली महिनाभर राहायचं. ती पूर्ण करा. गावातल्याच एखाद्या घरगुती निवासात तीस दिवस राहा. रोजचे तीन हजार धरले तरी ९० हजार. त्याच मुद्दलाच्या व्याजातून हे देऊनही सव्वादोन लाख शिल्लक राहतात. पैसे गावातल्या कुटुंबाला जातील, आणि एखाद्या वर्षी समुद्र आत आला तर तुम्ही पुढच्या वर्षी वरच्या सड्यावर राहाल.

पैशांची मांडणी अशी करा. तुमच्या नावे सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ३० लाख, तीच मर्यादा आहे. यजमानांच्या पीएफमधले १२ लाख त्यांच्या नावे त्याच योजनेत. ८ टक्क्यांच्या आसपास धरलं तर महिना २८ हजार, पेन्शन धरून ६६ हजार. सहा लाख कधीही मोडता येतील अशा एफडीत, फक्त आजारपणासाठी. उरलेले दहा लाख सात-आठ वर्षं लागणार नाहीत असं ठरवून त्यातले निम्मे इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात), थोडेथोडे करून. आरोग्यविम्याचा पत्रात उल्लेखच नाही. नसेल तर लवकरात लवकर बघा.

टोकनचे दोन लाख. करारावर सही करू नका, पुढचा हप्ता देऊ नका. कंपनीला ईमेल आणि रजिस्टर पोस्ट, दोन्हींनी लिहा: महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक, सीआरझेड परवानगीची प्रत, सातबारा आणि समुद्राच्या त्या तक्त्याची सही-शिक्क्याची प्रत पंधरा दिवसांत द्या, नाहीतर टोकन परत करा. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे दिले असतील तर ते व्याजासह परत मागायचा अधिकार रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. एजंटचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर तो पुसू नका. आजच त्याची छापील प्रत काढा आणि पावतीला टाचून ठेवा.