सुरक्षा नियामकाच्या मंडळावरचा बिगरकार्यकारी सदस्य नेमके काय करतो, आणि हाती अधिकार नसताना त्याचा उपयोग काय?

ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या मंडळावर बाहेरची माणसे नेमली जातात, तशी जागा आपल्याकडे असते का, आणि ज्याला कारखान्यात पाऊल टाकण्याचाही अधिकार नाही अशा सदस्याने तिथे बसून करायचे काय, असे आपण विचारले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात एका रासायनिक औद्योगिक वसाहतीच्या पायथ्याशी २२ वर्षे दवाखाना चालवतो आहे आणि त्यांपैकी काही वर्षे इथल्या लोकल क्रायसिस ग्रुपवर (रासायनिक अपघाताच्या तयारीसाठी नेमलेल्या स्थानिक गटावर) डॉक्टर सदस्य म्हणून बसलो आहे. ही जागा ब्रिटनमधल्या जागेसारखी तंतोतंत नाही, परंतु आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाशी माझी गाठ प्रत्येक बैठकीत पडली, म्हणून लिहितो.

आधी फरक सांगतो. ब्रिटनची हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ही संस्था १९७४ च्या कायद्यातून उभी राहिली आणि धोरण ठरवणारा आयोग २००८ मध्ये तिच्यातच विलीन झाला. तिच्या मंडळावरील काही सदस्य मालकांच्या संघटनांशी, काही कामगार संघटनांशी आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थांशी सल्लामसलत करून नेमले जातात. तपासण्या, नोटिसा आणि खटले हे काम अधिकाऱ्यांचे असते, तर मंडळ दिशा ठरवते आणि मुख्य अधिकाऱ्याकडून हिशोब मागते. आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे राज्याच्या कामगार विभागाखालचे कार्यालय आहे. त्याचे संचालक शासनाला उत्तरदायी असतात आणि त्यांच्यावर असे मंडळ नाही. बाहेरच्या माणसाला जागा मिळते ती सल्ला देण्यापुरती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य यांविषयीच्या नव्या संहितेत केंद्रासाठी आणि राज्यांसाठी सल्लागार मंडळांची तरतूद आहे, कारखान्याच्या आत कामगार आणि व्यवस्थापन यांची संयुक्त सुरक्षा समिती असते, आणि कारखान्याच्या कुंपणाबाहेर १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनुसार नेमलेले क्रायसिस ग्रुप असतात.

आपल्याकडचे हे क्रायसिस ग्रुप भोपाळनंतरचे आहेत. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री कारखान्यात काय साठवले आहे हे बाहेरच्या वस्तीला माहीत नव्हते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही नीट सांगितले गेले नाही. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि पुढे १९९६ चे नियम. आमच्या गटाचे अध्यक्ष प्रांताधिकारी असतात, सदस्य-सचिव कारखाना निरीक्षक, आणि भोवती अग्निशमन व पोलीस अधिकारी, कारखान्यांचे प्रतिनिधी, रसायनांची वाहतूक करणारे, सरपंच, स्थानिक संपादक, सामाजिक कार्यकर्ते आणि दोन डॉक्टर. आमच्यासारखे बाहेरचे सदस्य काम थांबवू शकत नाहीत आणि कोणाला नोटीसही देऊ शकत नाहीत. आम्हाला प्रश्न विचारता येतो आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या असे म्हणता येते. माझ्या मते या जागेचे सगळे बळ एवढ्याच गोष्टीत आहे, आणि ते कसे वापरायचे हे मला एका पेशंटने शिकवले.

एका पावसाळ्यात रात्री दीडच्या सुमारास दोन तरुण तिसऱ्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आले. तिघेही आमच्याच पंचक्रोशीतले, ठेकेदाराकडे कामाला असलेले. मधल्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, खोकला थांबत नव्हता, आणि दोन्ही हातांची बोटे हळद लागल्यासारखी पिवळी पडली होती. कशाचा धूर लागला असे विचारल्यावर उत्तर आले, "त्या मागच्या टाकीचा." टाकीत काय असते हे तिघांपैकी एकालाही सांगता येईना. इथे रसायनाचे नाव कळणे ही कागदोपत्री औपचारिकता नसते. क्लोरीनने घसा आणि छाती लगेच पेटते, त्यामुळे माणूस तिथून पळतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा धूर मात्र सुरुवातीला फारसा त्रास देत नाही, तासाभरात माणसाला बरे वाटते, तो घरी जाऊन जेवून झोपतो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरून त्याचा श्वास अडकतो. (गटाराच्या किंवा सांडपाण्याच्या टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा आणखी वाईट, कारण प्रमाण वाढले की त्याचा वास येणेच बंद होते आणि कामगार समजतो की वायू गेला.) पिवळ्या बोटांवरून मी, कातडी पिवळी करणाऱ्या आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा धूर सोडणाऱ्या नायट्रिक आम्लाचा अंदाज बांधला आणि त्याला घरी न सोडता ठेवून घेतले. पहाटे चारला त्याला धाप लागली, त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले आणि तो वाचला. त्या रात्री त्याची बोटे पिवळी झाली नसती, तर मी त्याला औषध देऊन घरी पाठवले असते.

पुढच्या बैठकीला मी तावातावाने गेलो होतो. त्या कारखान्याचे नाव घेऊन जाब विचारावा असे फार वाटत होते, पण शेजारी बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मला थांबवले आणि ते योग्यच झाले. त्या घटनेविषयी मी निरीक्षकांना स्वतंत्र लेखी कळवले, कारण चौकशी हे त्यांचे काम आहे. बैठकीत मी एवढेच विचारले की, रात्रपाळीत एखाद्या कामगाराला बाहेर उपचाराला पाठवताना त्याच्या हातात रसायनाची माहिती कोण देतो. सर्व कारखान्यांत एमएसडीएसची, म्हणजे रसायनांच्या सुरक्षाविषयक माहितीपत्रकांची, फाइल ठेवलेली आहे, असे उत्तर मिळाले आणि ते खरेही होते. फाइल होती, कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या अधिकाऱ्याकडे होती. इतिवृत्तात ओळ आली, "सदर बाबीची नोंद घेण्यात आली."

या ओळीपासून सावध राहा. नोंद घेतली म्हणजे विषय मिटला, असा आपल्या सरकारी मराठीचा अर्थ असतो. मी पुढच्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि उत्तराबरोबर जबाबदार माणसाचे पद आणि तारीख लिहावी असा आग्रह धरला. त्याच्या पुढच्या वेळी इतिवृत्तात "कार्यवाही सुरू आहे" असे आले, तेव्हा कोणती कार्यवाही आणि कोणाकडे, हे विचारले. चौथ्या बैठकीत एका कारखान्याच्या प्रतिनिधीने स्वतःहून सांगितले की, त्यांनी प्रत्येक रसायनाचे एक पानी मराठी आणि हिंदी कार्ड लॅमिनेट करून गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे ठेवले आहे, कारण तिन्ही पाळ्यांना हजर असणारा आणि जखमी माणूस ज्याच्यासमोरून बाहेर जातो असा तो एकच माणूस आहे. एवढी साधी आणि अचूक गोष्ट मला सुचली नसती. बाहेरच्या सदस्याला उपाय माहीत असण्याची गरज नसते. उत्तर मिळेपर्यंत प्रश्न जिवंत ठेवण्याची चिकाटी मात्र हवी.

दुसरी गोष्ट सरपंचबाईंची. आमची मॉक ड्रिल, म्हणजे अपघाताची रंगीत तालीम, नेहमी सकाळी अकराला होत असे आणि लोकांना जमण्याची जागा म्हणून वसाहतीच्या पश्चिमेची, खाडीकडची शाळा ठरलेली होती. दिवसा खारा वारा समुद्राकडून आत येतो, म्हणून कागदावर ती निवड बरोबर होती. बाई उठून म्हणाल्या, "साहेब, रात्री आमच्या वाडीत सगळा धूर वरूनच उतरतो." रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दिवसा सुरक्षित असलेली शाळा नेमकी वायूच्या वाटेत येते. त्यात क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, तो पऱ्याच्या (ओढ्याच्या) घळीने खाली वाडीतच साचणार. वातावरणशास्त्राचा शब्दही न उच्चारता बाईंनी आमच्या आराखड्यातली मोठी चूक दाखवली. त्यानंतर रात्री नऊला ड्रिल घेतली. तेव्हा खालच्या वाडीत भोंगा ऐकूच गेला नाही आणि ज्यांना ऐकू गेला त्यांना तो पाळी सुटल्याचा वाटला. आता रात्रीसाठी वाऱ्याला आडवे जाऊन सड्यावर (वरच्या कातळपठारावर) चढायचे असे ठरले आहे, आणि निरोप ग्रामदेवतेच्या देवळातील ध्वनिक्षेपकावरून द्यायचा आहे.

या जागेवर बसणाऱ्याचा पाय दोन ठिकाणी घसरतो. काही जण स्वतःला निरीक्षक समजू लागतात, ओळखीने कारखान्यात शिरतात आणि मग अधिकारी व व्यवस्थापन दोघेही त्यांना टाळू लागतात. त्याहून जास्त जण सवयीने मवाळ होतात, कारण बैठकीतली माणसे सज्जन असतात, वर्षानुवर्षे तेच चेहरे असतात आणि चहा पिता पिता कठीण प्रश्न विचारणे अवघड वाटू लागते. माझ्याकडे एका कारखान्याने कामगारांच्या वार्षिक तपासणीचे काम देऊ केले होते. ते मी नाकारले आणि नाकारल्याचे बैठकीत सांगितले. पैशाची गरज नव्हती असे नाही, पण त्यानंतर माझ्या प्रश्नाकडे कोणी प्रश्न म्हणून पाहिले नसते. डॉक्टर म्हणून आणखी एक कर्तव्य माझ्यावर आहे, ते पुष्कळ डॉक्टरांना ठाऊक नसते: कामामुळे होणाऱ्या अधिसूचित (कायद्याच्या यादीतल्या) रोगाचा पेशंट आढळला तर तो कळवण्याची कायदेशीर जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही आहे.

आपण अशी एखादी जागा स्वीकारणार असाल, मग ती राज्याच्या सल्लागार मंडळावरची असो किंवा तालुक्याच्या गटातली, तर पहिल्या बैठकीआधी मागील वर्षभराची इतिवृत्ते मागून घ्या आणि एका बैठकीची कार्यवाही पुढच्या बैठकीत कशी आली आहे हे पेन्सिल घेऊन जुळवून पाहा. जो मुद्दा तीनदा "कार्यवाही सुरू" म्हणून आला असेल, त्याच्यापासून सुरुवात करा. आणि बैठकीला जाण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी पाळी सुटण्याच्या वेळी गेटसमोरच्या टपरीवर अर्धा तास बसा. ठेकेदाराची मुले कामावरून बाहेर पडल्यावर कशाबद्दल बोलतात, हे तिथे ऐकू येते.