हे खरे आहे काय?

प्रिय बेटा,
सप्रेम आशीर्वाद.

तिकीट जवळपास नक्की झालंय, मग प्रॅक्टिस बंद करू का, असं तू विचारलंस. मुळीच करू नकोस. आमदाराने वकिली करायला कायद्याची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. मी मात्र बंद केली होती. निवडून आलो तेव्हा एकेका पक्षकाराला बोलावून दुसरा वकील लावता यावा म्हणून वकालतनाम्यावर ना-हरकत लिहून दिली. पाच वर्षांनी हरलो, काळा कोट चढवून सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात परत गेलो, तर बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, माझं एकही मॅटर नाही. माझेच ज्युनियर उठून खुर्ची द्यायचे. प्रेमाने द्यायचे, पण मला त्या खुर्चीत बसवत नसे. पुन्हा उभं राहायला तीन वर्षं गेली.

आता सभागृहाचं ऐक. विदर्भ महाराष्ट्रात येताना झालेल्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन आपल्याकडे नागपुरात होतं. डिसेंबरात मोर्चे, निवेदनं, भेटायला येणारी माणसं, सगळं एकदम अंगावर येतं. त्या गडबडीत प्रश्न लिहायचं काम पीएवर सोडू नकोस. तारांकित प्रश्नात, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्यात, प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी ‘हे खरे आहे काय’ असतं, आणि उत्तरंही ठरलेली असतात: ‘होय’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या वर्षी मी धरणग्रस्तांबद्दल विचारलं, ‘मोबदल्यास प्रचंड विलंब होत असून शेतकऱ्यांमध्ये तीव्र असंतोष आहे, हे खरे आहे काय?’ उत्तर आलं, ‘हे खरे नाही.’ पुढच्या दोन्ही मुद्द्यांवर ‘प्रश्न उद्भवत नाही.’ झालं, विषय संपला. उलटतपासात असला मोघम प्रश्न मी कधी विचारला नसता.

मग एका सकाळी आमदार निवासात एक म्हातारी आली. शेजाऱ्याने कोर्टात जाऊन मोबदला वाढवून घेतला होता, ही गेली नव्हती. दोघांची जमीन एकाच अधिसूचनेत गेलेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातलं कलम २८-अ अशांसाठीच होतं: कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत अर्ज केला, की वाढीव दर मागता येतो. तिने तो मुदतीत केला होता. प्लास्टिकच्या पिशवीतून, घडीवर फाटायला आलेली पोच तिने काढली. शिक्का पुसट झालेला, तारीख मात्र वाचता येत होती.

पुढचा प्रश्न मी त्या पोचेवरून लिहिला. अमुक तारखेला अमुक कलमाखाली अर्ज दाखल झाला, त्याच गावचे आणखी इतके अर्ज आहेत, एकावरही निर्णय नाही, हे खरे आहे काय? यात ‘अंशतः’ म्हणायला जागाच नव्हती. ‘होय, हे खरे आहे,’ असं छापून आलं. उपप्रश्नात मी फक्त तारीख मागितली, मंत्र्यांनी सभागृहात ती दिली, आणि अर्ज निकाली निघाले. माझ्या पाच वर्षांतलं हे काम मला सगळ्यात जवळचं आहे. ते वकिलानेच केलं.

पुन्हा निवडून येणं तुझ्या हातात नाही, त्याची भीती आतापासून बाळगू नकोस. कम्युनिस्ट कामगार नेते ए. बी. बर्धन १९५७ मध्ये नागपुरातून अपक्ष आमदार झाले, नंतर इथूनच लोकसभेला हरले, पण कामगारांमधलं त्यांचं काम थांबलं नाही.

एक मात्र लक्षात ठेव. जिंकलीस काय, हरलीस काय, खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचाच. सबळ कारणाशिवाय चुकवलास तर तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात. रोजची पावती रोज लाव.

रविवारी सकाळी घरी ये. चालू मॅटर्सची यादी आण. कोणतं कुणाला सोपवायचं आणि कोणतं स्वतःकडे ठेवायचं, ते बसून ठरवू. त्या पोचेची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे, तीही तुला दाखवायची आहे.

तुझे,
सर