व्याकरणात पहिली, तोंडी परीक्षेत गप्प

भाषा जसजशी येत जाते तसतसं बोलणं मोकळं होत जातं, अशी आपली समजूत असते. विद्यापीठात परदेशी भाषा शिकणारी जी मुलंमुली माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, त्यांचं गाऱ्हाणं बहुतेक वेळा याच्या उलट असतं. सुरुवातीच्या वर्गांत ही मुलं चुकतमाकत का होईना, बडबडत होती. मग प्रगत व्याकरण सुरू झालं, निबंध लांबले, आणि वर्गात बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडू लागला. "मॅडम, माझी भाषा मागे चाललीय का?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त फ्रेंचच्या विद्यार्थ्यांनी विचारलाय. फ्रेंचच्याच का, ते पुढे येईल. त्यातल्या एकीची हकीकत तिच्या संमतीने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण ईरा म्हणू.

ईरा फ्रेंच घेऊन एम.ए. करत होती. व्याकरण, मौखिक अभिव्यक्ती आणि लेखन असे तीन वेगळे पेपर. व्याकरणात ती वर्गात पहिली, लेखनात बरी. मौखिकच्या चाचणीत मात्र एका वाक्याच्या मध्यावर थांबली ती थांबलीच. परीक्षकांनी दुसरा प्रश्न विचारून तिची सुटका केली. त्यानंतर तिने संभाषणाच्या तासांना दांड्या मारायला सुरुवात केली. घरी वडील म्हणायचे, "एवढी वर्षं शिकतेयस, जरा दोन वाक्यं बोलून दाखव की!" ती हसून विषय टाळायची आणि रात्री उशिरापर्यंत व्याकरणाचे स्वाध्याय सोडवत बसायची. निदान तिने स्वतःच करून आणलं होतं: "माझं व्याकरण अजून कच्चं आहे. ते पक्कं झालं की बोलेन."

पुढचा हिशेबही तयार होता. तिला दाल्फची, म्हणजे फ्रेंचच्या प्रगत पातळीच्या प्रमाणपत्राची, सी-१ परीक्षा द्यायची होती. त्यात श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण या चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० लागतात आणि कुठल्याही भागात पाचाच्या खाली जाऊन चालत नाही. "म्हणजे मॅडम, बोलण्यात पाच मिळाले तरी बाकीच्या तिन्हीत मी काढू शकते." भाषा शिकणारी मुलगी त्या भाषेत बोलावं कसं लागणार नाही याचं गणित मांडत होती, आणि गणित अगदी बिनचूक होतं.

तिचं निदान मला पटलं नव्हतं. ज्यांचं व्याकरण कच्चं असतं ती माणसं चुकीचं बोलतात. ती सहसा गप्प बसत नाहीत.

परभाषेच्या वर्गात वाटणाऱ्या भीतीचा वेगळा अभ्यास झालेला आहे. एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. आपलं बोलणं नीट पोचेल की नाही याची धास्ती, परीक्षेची भीती आणि लोक आपल्याला काय समजतील याची काळजी, असे या भीतीचे तीन पदर त्यांनी मांडले. ईराकडून मी ती प्रश्नावली भरून घेतली. अपेक्षेप्रमाणे तिसरा पदर सगळ्यांत जड निघाला. पण प्रश्नावली भीती किती आहे ते सांगते, ती नेमकी कुठल्या शब्दापाशी उभी आहे ते सांगत नाही. म्हणून मी तिला विचारलं, "चाचणीत ज्या वाक्याला अडकलीस ते वाक्य काय होतं?"

तिला ते लख्ख आठवत होतं. मला म्हणायचं होतं, ती सांगू लागली, की सरकारने आश्वासन दिलेलं असलं तरी परिस्थिती बदललेली नाही. सुरुवात केली 'बियँ क'ने, म्हणजे 'जरी'ने. 'बियँ क' आलं म्हणजे पुढे सब्जाँक्तिफ, हे क्रियापदाचं खास रूप, आलंच. घटना होऊन गेलेली, म्हणजे सब्जाँक्तिफचा भूतकाळ. त्यासाठी सहायक क्रियापद कुठलं, त्याचं रूप कुठलं? ते सापडलं, तेवढ्यात वाटलं, पार्तिसिप पासेला, म्हणजे क्रियापदाच्या भूतकाळी कृदंताला, कर्माशी जुळवायचं आहे का? कर्म आधी आलंय की नंतर? "आणि मग वर बघितलं तर सर माझ्याकडे बघत होते."

"'सरकारने आश्वासन दिलं, पण काही बदललं नाही' एवढंच का नाही म्हणालीस? 'मे', म्हणजे 'पण', घालून दोन छोटी वाक्यं?"

तिचा चेहरा पडला. "मॅडम, ते पहिल्या वर्षाचं वाक्य आहे."

गाठ इथे होती. तिला चुकण्याइतकीच साध्या वाक्याचीही लाज वाटत होती. व्याकरणात पहिल्या येणाऱ्या मुलीने 'पण' आणि 'म्हणून' वापरून बोलावं, हे तिच्या दृष्टीने नापास होण्यासारखंच होतं. त्यामुळे वर्गात तोंड उघडताना ती प्रत्येक वेळी आपल्याला येणाऱ्या सर्वांत अवघड वाक्याला हात घालत होती, तेही आयत्या वेळी, चारचौघांत. हुशार मुलांच्या बाबतीत हे मी वारंवार पाहिलंय. जी मुलं मध्यम गुणांवर समाधानी असतात ती साध्या वाक्यांवर तरून जातात आणि वर्षअखेरीला या हुशार मुलांपेक्षा सरस बोलतात. यात अन्याय आहे असं ईराला वाटायचं. मला तसं वाटत नाही, पण तिचा राग समजतो.

आता फ्रेंचचं वेगळेपण. मी स्वतः फार पूर्वी ही भाषा बी-१ या मधल्या पातळीपर्यंत शिकले होते, तेवढ्या भांडवलावर बोलतेय. फ्रेंचच्या लेखी व्याकरणाचा मोठा भाग कानाला ऐकूच येत नाही. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'ते बोलतात' यांतली क्रियापदाची रूपं लिहिताना तीन वेगळी, उच्चार तिन्हींचा एकच, 'पार्ल'. जी जुळणी ईरा भर वाक्यात तपासत होती तिचंही तेच. 'मी विकत घेतलेली पुस्तकं' असं म्हणताना लिहिण्यात शेवटी एक अक्षर वाढवावं लागतं, बोलण्यात 'आश्ते'चं 'आश्ते'च राहतं. काही क्रियापदांत फरक ऐकू येतो हे खरं, पण बोलण्याच्या ओघात तो फ्रेंच माणसंही पुष्कळदा सोडून देतात. मी तिला म्हटलं, "ज्या चुकीसाठी तू थांबतेस, ती समोरच्याला ऐकूही जाणार नसते." यावर ती जी हसली, ते आमच्या भेटींतलं तिचं पहिलं हसू होतं.

या जुळणीचा नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनच्या धर्तीवर रुजवला असं मानतात. २०१८ मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी तो सरळ सोडून द्यावा असा जाहीर प्रस्ताव मांडला आणि त्यावर फ्रेंच वृत्तपत्रांतून बरंच रण माजलं. 'आप्रे क'नंतर (म्हणजे 'अमुक झाल्यानंतर' म्हणताना) इंडिकातिफ, म्हणजे क्रियापदाचं साधं रूप, हवं असं व्याकरण सांगतं, पण बोलताना असंख्य फ्रेंच लोक तिथे सब्जाँक्तिफ घालतात. नकारातला 'न' तर गप्पांमध्ये गळूनच जातो, आणि 'मला माहीत नाही'चं 'शे पा' होतं. हे मी ईराला नियम मोडण्याची मुभा म्हणून सांगितलं नाही. लेखी पेपरात हे नियम पाळायचेच, आणि एक्स्पोजेसारख्या, म्हणजे तोंडी सादरीकरणासारख्या, औपचारिक बोलण्यात तो 'न' उच्चारलेलाच बरा. सांगण्याचा हेतू इतकाच, की ती ज्या काटेकोर फ्रेंचशी स्वतःला ताडून पाहत होती, तशी फ्रेंच सहज बोलणारं माणूस तिला फ्रान्समध्येही क्वचितच भेटलं असतं.

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक पातळ्यांच्या चौकटीतला ओघाविषयीचा तक्ताही आम्ही एकत्र वाचला. बी-२ पातळीचा माणूस शब्द आणि रचना शोधताना अडखळू शकतो असं तिथे चक्क लिहिलेलं आहे. अपेक्षा एवढीच, की लांबलचक विराम फार नसावेत. ईराकडे बी-२चं प्रमाणपत्र होतं, पण ही ओळ तिने कधी वाचली नव्हती.

उपायांपैकी पहिला तिला अजिबात आवडला नाही. रोज एका विषयावर फोनवर ध्वनिमुद्रण करायचं, न थांबता, आणि जोडायला फक्त 'मे' (पण), 'दोंक' (म्हणून), 'पार्स क' (कारण) आणि 'आलोर' (मग) वापरायचे. सब्जाँक्तिफला बंदी. "हे बालिश आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, आहे. आठवडाभर तिने ते केलंच नाही. पुढच्या आठवड्यात केलं, आणि चिडून सांगत आली की ऐकताना स्वतःचं बोलणं चक्क फ्रेंच वाटलं.

मग जोडीदार शोधायला लावला. पॉल नेशन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८९ मध्ये ज्यावर लिहिलं ती चार-तीन-दोनची पद्धत मला फार उपयोगी वाटते. एकच विषय एका श्रोत्याला चार मिनिटांत सांगायचा, दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच राहतो, त्यामुळे काय बोलायचं याचं ओझं उतरतं आणि जीभ मोकळी होते. ईराच्या वर्गातल्या दोघी तयार झाल्या. त्यांनाही हाच त्रास होता, हे तिला तेव्हा कळलं. ती त्यांना 'अस्खलित बोलणाऱ्या' समजत होती. त्यातली एक तर एक सत्र फ्रान्समध्ये राहून आलेली. अडखळल्यावर तिथली माणसं करतात तेच ती करायची: 'आँ फेत' (खरं तर), 'कोमाँ दीर' (कसं सांगू) असं काहीतरी म्हणून वेळ काढायची. थांबायची तीही, पण फ्रेंचमध्ये थांबायची. ईराने ही युक्ती लगेच उचलली.

अवघड रचना सोडून द्यायच्या का? नाही. सी-१ला परीक्षक त्यांचीही अपेक्षा ठेवतात. पण त्या आयत्या वेळी जुळवायच्या नसतात. ईराने अशा मोजक्या रचना निवडल्या, त्यांत 'बियँ क' होतंच, आणि आपल्या नेहमीच्या विषयांवर त्यांची अख्खी वाक्यं तोंडात घोळवून ठेवली. बाकीचं बोलणं साधं.

एक गोष्ट तिला एकटीने करता येण्यासारखी नव्हती. तिचे मौखिकचे सर चूक झाली की तिथल्या तिथे बरोबर रूप उच्चारून द्यायचे. वर्गात ही पद्धत सर्रास दिसते. लिस्टर आणि रांता यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास मांडला, तेव्हा शिक्षक सर्वांत जास्त हीच पद्धत वापरतात आणि विद्यार्थी स्वतःहून सुधारणा करण्याचं प्रमाण हिच्यातच सर्वांत कमी असतं, असं दिसलं. ईराच्या बाबतीत तर प्रत्येक दुरुस्ती म्हणजे तपासणी पुन्हा सुरू. मी तिला सरांशी बोलायला सुचवलं. दोन आठवडे ती 'सरांना काय वाटेल' यातच होती. शेवटी ईमेल केली, माझ्यासमोर बसून, फ्रेंचमध्ये. सरांनी एका ओळीत होकार कळवला: यापुढे चुका टिपून ठेवतो, बोलणं संपल्यावर सांगतो.

लेखनाचं दुखणं ईरा शेवटी सांगत आली. खरं तर त्याचं मूळ तेच होतं. निबंधाचा पहिला परिच्छेद ती इतक्यांदा पुसायची की वेळ संपून जायचा. समासात शिक्षकांचा 'लूर', म्हणजे वाक्य बोजड झालंय, असा शेरा असायचा. तो वाचून ती वाक्य आणखी नटवायची. सी-१च्या लेखी भागाला अडीच तास असतात. त्यात एक सँतेज, साधारण २२० शब्दांचा, म्हणजे दिलेल्या लेखांचा गोषवारा आपल्या शब्दांत आणि स्वतःचं मत अजिबात न घालता. मग किमान २५० शब्दांचा मतप्रदर्शक निबंध. यात नटवायला जागाच नाही. तिला मी लिहिणं आणि तपासणं वेगळं करायला सांगितलं: आधी मुद्द्यांचा आराखडा, मग एका दमात कच्चं लेखन, मग एक फेरी फक्त क्रियापदं आणि जुळणीसाठी. जुन्या वह्या काढून तिने लाल शाईतल्या चुकांची वर्गवारीही केली. सब्जाँक्तिफच्या चुका जवळजवळ नव्हत्याच. होती ती क्रियापदानंतरची 'आ' आणि 'द' ही शब्दयोगी अव्ययं, आणि नामांची लिंगं. ज्याचा ती रात्ररात्र सराव करत होती ते तिला आधीपासून येत होतं.

एक सावधगिरीची सूचना. झोप उडणं, बोलण्याच्या विचारानेच छातीत धडधडणं, सगळेच तास टाळणं असं आठवडेच्या आठवडे चालू असेल, किंवा मातृभाषेतही चारचौघांत बोलणं अशक्य होत असेल, तर गोष्ट फ्रेंचपुरती नाही. मग असल्या युक्त्या पुरणार नाहीत. मानसोपचार तज्ज्ञांची भेट घ्यावी आणि ती लांबवू नये.

ईराच्या सत्रअखेरच्या मौखिक परीक्षेत विषय शहरांतल्या वाहतुकीचा होता. ती दोनदा अडखळली, एकदा क्रियापद चुकलं, तिने ते स्वतःच सुधारलं आणि पुढे गेली. गुण मध्यम मिळाले. व्याकरणात ती अजूनही पहिलीच आहे आणि मौखिकचे गुण त्याच्या बरेच खाली आहेत. त्याबद्दल ती कुरकुरते. दाल्फचा अर्ज भरलाय. पाच गुणांचा हिशेब आता करत नाही, म्हणते. तेरा-चौदा मिळतील असा अंदाज आहे.