ठाणे-पनवेल लोकलमध्ये मावणारे अल्बम

गेल्या महिन्यात या सदरातल्या एका उत्तरात अंडरग्राउंड हिप-हॉपचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांची रांग लागली. जागा आहे तेवढी घेतो. माझं माप आधीच सांगून ठेवतो. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बरची गाडी सुटली की पनवेल यायला पन्नास-पंचावन्न मिनिटं लागतात. तेवढ्यात जो पूर्ण ऐकून होतो आणि ज्याच्यापायी माणूस खारघरला उतरायचं विसरतो, तो अल्बम चांगला.

प्रश्न : दादा, मी 19 वर्षांचा आहे. 'गली बॉय' पाहून रॅपच्या नादी लागलो. आता मित्र म्हणतात, ते सगळं मेनस्ट्रीम, खरं ते अंडरग्राउंड. म्हणजे नक्की काय? आणि सुरुवात कुठून करू? (घणसोली)

मित्रांचं फार मनावर घेऊ नकोस. 'खरं' आणि 'खोटं' अशी वाटणी करणारा माणूस बहुतेक वेळा कालच ऐकायला लागलेला असतो. अंडरग्राउंड म्हणजे कमी लोकांना माहीत असलेलं, असंही नाही. गाणं किती मिनिटांचं असावं, त्यात हुक, म्हणजे परत परत येणारी डोक्यात बसणारी ओळ, असावा की नाही, मुखपृष्ठावर काय छापावं, हे ज्याचं तो ठरवतो की कंपनीचा साहेब, एवढाच फरक आहे.

सुरुवात 'मॅडव्हिलनी' या अल्बमपासून कर. साल 2004, कंपनी स्टोन्स थ्रो. रॅपर एमएफ डूमचे शब्द, मॅडलिबचं संगीत. 22 तुकडे, 46 मिनिटं, म्हणजे खांदेश्वरच्या आसपास संपतो. बरीच गाणी दोन-अडीच मिनिटांची आहेत आणि बहुतेकांना ध्रुवपदच नाही. 'ॲकॉर्डियन' नावाचं गाणं लाव. एकच ॲकॉर्डियनची ओळ श्वास लागल्यासारखी पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि त्यावर डूम घोगऱ्या आवाजात, कसलीही घाई नसल्यासारखा बोलत जातो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, हा माणूस पुटपुटतोय. तिसऱ्यांदा ऐकताना कळतं की ओळीच्या शेवटी एक यमक जुळतंय तसं ओळीच्या पोटातही दोन-तीन जुळतायत. आपल्याकडे मोरोपंतांच्या आर्या वाचताना जी गंमत येते तीच ही. फरक एवढाच की इथे विषय कार्टून, दारू आणि खलनायकी यांचा.

डूमची गोष्टही ऐकून ठेव. आधी तो केएमडी नावाच्या गटात होता. 1993 मध्ये त्याचा धाकटा भाऊ सबरॉक गाडीखाली गेला आणि पुढच्याच वर्षी कंपनीने त्यांचा तयार अल्बम दाबून टाकला. हा काही वर्षं गायब. परतला तो तोंडावर मुखवटा चढवून. 1999 मध्ये 'ऑपरेशन डूम्सडे' आला. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिलायस का? पालघर वेगळं होण्याआधी तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथे मुखवटा चढला की शेजारचा काका काका राहत नाही, देव किंवा राक्षस होतो. डूमचं तसंच. पुढे पुढे तर त्याने कार्यक्रमांना स्वतःच्या जागी दुसऱ्यालाच मुखवटा घालून पाठवलं. लोक चिडले, आणि माझ्या मते त्यांचं चिडणं रास्त होतं, तिकिटाचे पैसे त्यांनी मोजले होते. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला, आणि जगाला कळलं 31 डिसेंबरला.

एक कबुली. मला हा अल्बम 2005 मध्ये कोपरखैरण्याच्या एका मित्राने सीडीवर कॉपी करून दिला होता. वर मार्करने नुसतं 'डूम' लिहिलेलं. त्या सीडीवर चरा होता, सातव्या की आठव्या गाण्यात एक शब्द तीनदा अडखळायचा. चार-पाच वर्षं मी लोकांना सांगत होतो, बघ, मॅडलिबची करामत बघ! पुढे नीट प्रत ऐकली तेव्हा ती करामत नव्हतीच. अजूनही ते गाणं सरळ गेलं की मला चुकल्यासारखं वाटतं.

प्रश्न : मी 61 वर्षांचा, भजनी मंडळात पखवाज वाजवतो. नातू दिवसभर हे ऐकतो. तो म्हणतो, हे लोक जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून गाणी करतात. ही चोरी नव्हे काय? आणि शिव्या नसलेलं काही आहे का? (लोकमान्यनगर, ठाणे)

काका, तुमच्या मंडळात सिनेमाच्या चालीवर गवळण होतेच ना? चाल ओळखीची, शब्द आपले, आणि ऐकणाऱ्याला दोन्हींचा आनंद. तुकडे उचलण्याच्या या रीतीला सॅम्पलिंग म्हणतात, तिचा गाभा तोच. फक्त इथे चाल गळ्याने उचलत नाहीत, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा कपटा कापून घेतात. न विचारता, पैसे न देता घेतलं की भांडण होतं, कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. तेव्हा तुमचा प्रश्न अस्थानी नाही. पण उचललं म्हणजे संपलं असं नाही. त्या तुकड्याचं पुढे काय केलं, ते महत्त्वाचं.

तुम्ही तालाचे माणूस, म्हणून तुम्हाला एकच नाव सुचवतो. जे डिलाचा 'डोनट्स'. यात रॅप जवळपास नाहीच, त्यामुळे शिव्यांचाही प्रश्न मिटला. 31 छोटे तुकडे, कुठलाही तुकडा तीन मिनिटांपलीकडे जात नाही. डेट्रॉइटचा हा माणूस रक्ताच्या दुर्मीळ आजाराने खंगला होता, दवाखान्याच्या वाऱ्या चालू होत्या, त्या काळात हे काम झालं. 7 फेब्रुवारी 2006 ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, अल्बम बाजारात आला. तीन दिवसांनी तो गेला. पहिल्या तुकड्याचं नाव 'आउट्रो' आहे, म्हणजे समारोप. गंमत म्हणून नव्हे, अल्बम गोल फिरतो आणि शेवट पुन्हा सुरुवातीला येऊन मिळतो.

आता तालाचं सांगतो. या लोकांचं वाद्य म्हणजे एमपीसी नावाचं यंत्र, त्यावर रबराची चौकोनी बटणं असतात. बोटाने दाबली की ठोका पडतो. बोट मागेपुढे झालं तर यंत्र तो ठोका आपोआप मात्रेवर सरळ बसवून देतं. डिला बरेचदा ती सोय बंद ठेवायचा. त्यामुळे त्याचा ठोका केसभर मागे रेलतो, दुसरा केसभर आधी येतो, आणि तरी सम चुकत नाही. पखवाजावर हात बसलेल्या माणसाला हे काय असतं ते मी सांगायला नको. नातवाला शेजारी बसवा, मांडीवर ठेका धरा आणि त्याला विचारा, ठोका कुठे पडतोय. डिलाचं ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात ठेवलंय.

नातवाला कळू न देता आणखी एक ऐका. मॅडलिबने 2007 मध्ये 'बीट कंडक्टा इन इंडिया' केला. आपल्या हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डमधले तुकडे कापून. कुठलं गाणं कुठून आलं हे ओळखण्याच्या शर्यतीत तुम्ही त्याला सहज हरवाल.

प्रश्न : इंग्रजी धड कळत नाही. तरी ऐकू का? (दिघे)

ऐक. एसॉप रॉक नावाचा रॅपर आहे. 2014 मध्ये एकाने रॅपर लोकांच्या प्रत्येकी पहिल्या 35,000 शब्दांत वेगवेगळे शब्द किती, ते मोजलं, त्यात हा पहिला आला. इंग्रजी बोलणाऱ्यांनाही तो धड कळत नाही, तेव्हा लाज कसली! त्याच्या 'लेबर डेज' या 2001 च्या अल्बममधलं 'नो रिग्रेट्स' मात्र सोपं आहे. लुसी नावाची मुलगी लहानपणी फुटपाथवर खडूने चित्रं काढते, मोठी होते, म्हातारी होते आणि आयुष्यभर चित्रंच काढत राहते. शब्द समोर उघडून ऐक.

प्रश्न : तुम्ही मागे 'फनक्रशर प्लस' ऐका असं लिहिलं होतं. ऐकला. डोकं दुखलं. पैसे परत द्या. (सीबीडी बेलापूर)

चूक माझी. 'कंपनी फ्लो' नावाच्या गटाचा हा 1997 चा अल्बम म्हणजे स्वतंत्र रॅपची आरोळीच, पण कोऱ्या पोटी पचणारा नाही. आवाज मुद्दाम खरखरीत ठेवलाय, शब्द एकमेकांच्या अंगावर चढतात. त्या गटातल्या एल-पीने पुढे 2001 मध्ये कॅनिबल ऑक्स या जोडीसाठी 'द कोल्ड व्हेन' घडवला. आधी तो ऐकायला सांगायला हवा होता. न्यूयॉर्कचा हिवाळा, गोठलेले रस्ते, सिंथेसायझरचे गार गार सूर आणि त्यात दोन पोरं वस्तीतल्या जगण्याबद्दल बोलतायत. एका गाण्यात ती स्वतःला कबुतरं म्हणवतात. आपल्याकडे कबूतर म्हटलं की सोसायटीत जाळी बसवायची की दाणे टाकायचे यावर भांडण. तिथे ते छतावर, घाणीत जगून उडणाऱ्या गरिबाचं रूप झालंय. मात्र हा अल्बम ट्रान्सहार्बरच्या मापात बसत नाही, जवळजवळ सव्वा तासाचा आहे. पावसाळ्यात, गाड्या रखडल्या की ऐका.

पैशांचं म्हणाल तर तलावपाळीला भेटा, कुल्फी माझ्याकडून.

प्रश्न : तुमच्या यादीत सगळे पुरुषच का असतात? (नेरुळ)

कारण मी आळशी आहे. जीन ग्रेचा 2002 चा 'अटॅक ऑफ द अटॅकिंग थिंग्ज' ऐका. शब्दांच्या मारामारीत ती भल्याभल्यांना झोपवते. आणि नोनेम. शिकागोची. 2016 चा 'टेलिफोन' साधारण अर्ध्या तासाचा, शेजारी बसून हळू आवाजात सांगितल्यासारखा. विषय मात्र हळुवार नाहीत, मरण, गर्भपात, पोलीस. तो तिने फुकट ऐकायला दिला, नंतर दौऱ्यांतून आलेल्या पैशांवर स्वतः 2018 चा 'रूम 25' काढला. कंपनी नाही, कर्ज नाही.

प्रश्न : मराठीत काही आहे की अमेरिकेचंच कौतुक करायचं? (कोपरी)

आहे, आणि तुमचा राग मला आवडला. स्वदेसी हा मुंबईचा गट वेगवेगळ्या भाषांत रॅप करतो. त्यातला एमसी मवाली मराठीत बोलतो, 100 आरबीएच नावाचा दुसरा रॅपर अमरावतीचा. त्यांचं 2019 चं 'द वारली रिव्होल्ट' ऐका. आरेच्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर त्यात गातात. आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडे तो आरे आणि जंगल तेच, पाडेही तसेच, त्यामुळे ठाणेकराला ते गाणं परकं वाटायला नको. रॅप थांबतो आणि भोईरांचा आवाज सुरू होतो, तिथे गाण्याचा पोतच बदलतो. शहरातला वेगवान तक्रारदार गप्प होतो आणि ज्याचं घर आहे तो बोलायला लागतो.

माझी खंत वेगळी आहे. कलगी-तुऱ्याचे शाहीर रात्र रात्र सवाल-जवाब करायचे, एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने त्याच चालीत उलगडून वर नवं घालायचं. त्याला आज आपण 'बॅटल' म्हणतो. आंबेडकरी जलशांनी सभा हलवल्या. एवढी शिदोरी असून मराठी रॅपमध्ये सुटी गाणी पुष्कळ आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका धाग्यात ओवलेला अल्बम विरळा. व्हिडिओ हिट झाला की पोरं पुढच्या व्हिडिओच्या मागे. वाशीच्या मिनी सीशोरला एका रविवारी पोरं गोल करून रॅप करताना पाहिली. एकाने दोन मिनिटं असं काही ऐकवलं की भेळवाला चमचा हातात धरून थांबला. मी विचारलं, हे कुठे रेकॉर्ड केलंयस? म्हणाला, मोबाइलमध्ये, स्टोरीला टाकलं होतं. म्हणजे चोवीस तासांत गेलं!

अल्बम कसा बांधतात ते जवळच्या भाषांतून शिकता येईल. दिल्लीच्या टिळकनगरच्या प्रभ दीपचा 'क्लास-सिख' (2017), सीधे मौतचा 'बयान' (2018), काश्मीरच्या अहमरचा 'लिटल किड, बिग ड्रीम्स' (2019). पहिल्या दोन्हींचं संगीत सेझ ऑन द बीट या संगीतकाराचं आहे. 'क्लास-सिख'मध्ये पंजाबी बोलतायत, पण गाण्यांत भांगडा नाही, ट्रॅक्टर नाही. गल्ली, नशा, मेलेले मित्र. पंजाबी कळत नसेल तरी आवाजातली धास्ती पोहोचते. मराठीत असा एक अल्बम निघाला की मी हे सदर एका महिन्यासाठी त्यालाच देईन.

प्रश्न : रेकॉर्ड प्लेअर घेऊ का? (वाशी)

नको. आधी बरे इअरफोन.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये रात्रपाळीला सुरक्षारक्षक आहे. वय 44. ड्रम धाडधाड वाजले की डोक्यात जातात, पण रॅप आवडतो. रात्री दोन-तीनला ऐकण्यासारखं काही? (वागळे इस्टेट, ठाणे)

तुमच्यासाठी एक माणूस राखून ठेवला होता. त्याचं नाव 'का'. मराठीत लिहून शोधलंत तर भलतीच उत्तरं येतील, म्हणून अल्बमचं नाव टाका, 'ऑनर किल्ड द सॅमुराय', साल 2016. ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिलचा. दिवसा न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात, तेही कॅप्टन. उरलेल्या वेळात स्वतःच लिहायचा, बरंचसं संगीतही स्वतः करायचा, अल्बम स्वतःच काढायचा आणि नवा निघाला की फुटपाथवर उभा राहून सीड्या हातोहात विकायचा. त्याच वर्षी तिथल्या एका वृत्तपत्राने, आग विझवणारा कॅप्टन पोलिसांविरुद्ध गातो, म्हणून झोड उठवली. तो कामावर जात राहिला.

त्याच्या गाण्यांत ड्रम कधी नावाला असतात, कधी नसतातच. एखादी पियानोची किंवा तारेची ओळ, आणि झोपलेल्या घरात कुणाला जाग येऊ नये म्हणून बोलावं तसा आवाज. 'द नाइट्स गॅम्बिट' (2013) बुद्धिबळाच्या भाषेत बांधलाय, 'डिसेंडंट्स ऑफ केन' (2020) बायबलच्या. ऑक्टोबर 2024 मध्ये तो गेला, 52 वर्षांचा होता.

आवाज निम्म्यावर ठेवा आणि एकाच कानात घाला. दुसरा कान गेटकडे.