हिरवी वायर पोचते कुठे?

प्रश्न : वॉशिंग मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो, चप्पल घालून कपडे लावत जा. तेवढं पुरेल? (एक वाचक, कराड)

नाही पुरणार. मशीन आजच बंद करा आणि मेन पाडून त्या सॉकेटचा बोर्ड उघडून घ्या. पत्र्याला अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी वाट, खरंच मिळत असतं, तर या झिणझिण्या आल्याच नसत्या. अशाच तक्रारीवरून मी एका जुन्या घरातला बोर्ड उघडला होता. हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर आत होती, पण तिचं टोक दुमडून वर काळी टेप गुंडाळलेली. सॉकेटचं वरचं मोठं, अर्थिंगचं भोक नुसतं दिसायला.

आज गळती थोडी आहे. उद्या मोटरचं इन्सुलेशन गेलं की त्याच पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येतील. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला, तर अंगातून 230 मिलीअँपिअर जातील. हृदय बंद पडायला याच्या निम्माही करंट पुरतो.

प्रश्न : न्यूट्रल आणि अर्थ दोन्ही शेवटी जमिनीलाच जातात. मग सॉकेटमध्ये दोन्हींना एक तुकडा जोडला तर काय बिघडलं? (आयटीआयचा विद्यार्थी, नांदेड)

बाबा रे, हे कधीही करू नकोस. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो हे खरं, पण घरातल्या न्यूट्रलमधून रोजचा करंट वाहतो. अर्थच्या वायरमधून तो फक्त बिघाड झाल्यावर वाहायचा असतो.

आता समज, मागे कुठेतरी न्यूट्रल सैल होऊन सुटला. गिझर चालू आहे. फेज कॉइलमधून न्यूट्रलवर येतो, पुढे वाट नाही, म्हणून तुझ्या तुकड्यावरून थेट टाकीच्या पत्र्यावर. गिझर तापत नाही, दिवा लागत नाही. घरातला माणूस काय करतो? ओल्या हाताने टाकी चाचपून बघतो. म्हणून त्या तुकड्याचा मला इतका राग येतो.

प्रश्न : एमसीबी आहे, तरी आरसीसीबीचा खर्च कशाला? अर्थिंगचा खड्डाही केला आहे. (रत्नागिरीहून)

एमसीबी वायर वाचवते, करंट फार वाढला की पडते. वरच्या हिशोबातले 230 मिलीअँपिअर 16 अँपिअरच्या एमसीबीला कळतसुद्धा नाहीत. आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला करंट सतत ताडून बघते. घरासाठीची आरसीसीबी 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणात पडते.

तुमच्याकडे जांभा दगड, त्यात खड्ड्याचा रोध कमी मिळणं अवघड. खड्ड्याचा रोध 10 ओहम मिळाला तरी बिघाडात फार तर 23 अँपिअर वाहतील. 32 अँपिअरची एमसीबी तशीच उभी राहील आणि पत्र्यावर करंट तसाच. तुम्हाला तर आरसीसीबी हवीच. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर बदला. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर तीही वाचवेलच असं नाही, कारण तेव्हा गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमध्ये फरकच पडत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायचं का? (लातूर)

हो. मीठ-कोळसा ओल धरण्यासाठीच असतो. कोरड्या मातीचा रोध वाढतो. पण मिठाने पाइप गंजतो, तेव्हा क्लॅम्प आणि नटबोल्ट दरवर्षी उघडून बघा. आणि खड्डा मल्टिमीटरने तपासू नका. कमकुवत अर्थिंगलाही तो खुशाल 230 दाखवतो. अर्थ टेस्टर असलेला माणूस बोलवा.