वाचकांचे प्रश्न : लिपो बॅटऱ्या हंगाम संपल्यावर कशा ठेवाव्यात?

प्रश्न : माझा मुलगा रिमोटवर चालणारी मॉडेल विमाने उडवतो. सोयाबीन निघाले की रिकाम्या वावरात त्याचे उडवणे सुरू होते आणि रब्बीच्या पेरणीला थांबते. पुढच्या हंगामापर्यंत त्याच्या तीन सेलच्या, २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या पूर्ण चार्ज केलेल्या अवस्थेत टिनाच्या खोलीत, आलमारीवर पडून असतात. भाव येईपर्यंत आमचा कापूसही त्याच खोलीत असतो. यंदा मे महिन्यात त्यांतली एक बॅटरी फुगली. बाकीच्या कशा ठेवाव्यात? फ्रिजमध्ये ठेवल्या तर चालेल का? आणि फुगलेल्या बॅटरीचे काय करावे?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : आपल्या पत्रात फुगलेल्या बॅटरीपेक्षाही अधिक काळजी वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्या खोलीतला कापूस. त्यामुळे उत्तराचा उरलेला भाग वाचण्याआधी सर्व बॅटऱ्या तेथून हलवाव्यात, ही विनंती. लिपोच्या सेलला कडक पत्र्याचे कवच नसते. ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या पिशवीत ज्वलनशील द्रावण असते. आत शॉर्ट सर्किट होऊन एक सेल तापला, तर शेजारचे सेलही पेटतात आणि ज्वाळा जोराने बाहेर पडतात. कापूस, कुटार, तुराट्या आणि पऱ्हाट्या यांच्यापासून या बॅटऱ्या कायम दूर असल्या पाहिजेत, मग त्या कितीही चांगल्या स्थितीत असोत.

आता फुगण्याचे कारण पाहू. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्ट असतो. या अवस्थेत सेल महिनोन्‌महिने पडून राहिला, तर आतील द्रावणाचे हळूहळू विघटन होऊन वायू तयार होतो, आणि उष्णतेत ही क्रिया बरीच वेगाने होते. वर्धा, अकोला, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना टिनाखालच्या खोलीत, त्यातही आलमारीच्या वर, बाहेरच्यापेक्षा अधिक उष्णता साठते. पूर्ण चार्ज आणि ती उष्णता, दोन्ही आपल्याकडे एकत्र आली. उलट बाजूने, बॅटरी पार उतरवून ठेवणेही तितकेच वाईट आहे, कारण सेल फार खाली गेला की त्यातील तांब्याची पट्टी विरघळू लागते आणि पुढच्या चार्जिंगच्या वेळी तेच तांबे आत शॉर्ट सर्किट घडवू शकते.

म्हणून आठवडाभरापेक्षा अधिक काळ वापर नसेल, तर प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर, म्हणजे साधारण निम्म्या चार्जवर ठेवावा. आपल्या तीन सेलच्या बॅटरीसाठी हा आकडा ११.४ ते ११.५५ व्होल्ट येतो. चांगल्या बॅलन्स चार्जरवर (सर्व सेल सारख्या पातळीवर ठेवणाऱ्या चार्जरवर) ‘स्टोरेज’ नावाची सोय असते आणि तीच वापरावी. मात्र लहान चार्जर जेमतेम ५ वॅटने बॅटरी उतरवतात, त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी निम्म्यावर यायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो; तेवढा वेळ कोणीतरी जवळ असले पाहिजे. घाई असल्यास ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब बॅटरीला जुळणाऱ्या कनेक्टरने जोडावा आणि तो विटेवर ठेवावा, कारण बल्ब चांगलाच तापतो. सुमारे अर्ध्या तासात काम होते. पण घड्याळावर विसंबू नये. सेल तपासण्याचे छोटे मीटर बॅलन्सच्या तारेला (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक तारांच्या कनेक्टरला) लावून आकडा पाहत राहावा आणि काम झाले की मीटर काढून ठेवावे. ते लावलेलेच राहिले, तर त्याच्याच वापराने बॅटरी हळूहळू उतरते. पुढे महिन्यातून एकदा प्रत्येक सेल पाहावा, ३.७ च्या खाली गेला असेल तर बॅटरी पुन्हा स्टोरेजच्या पातळीवर आणावी.

ठेवण्यासाठी लोखंडी पेटी उत्तम. तळाशी आणि कडेने विटा किंवा कोरडी रेती घालावी, प्रत्येक बॅटरीच्या कनेक्टरला प्लास्टिकची टोपी घालावी आणि बॅटऱ्या एकमेकींना चिकटवून ठेवू नयेत. पेटीचे झाकण हवाबंद नसावे, कारण आत वायू कोंडला तर पेटीच फुटेल. बाजारात मिळणारी अग्निरोधक पिशवी पेटीच्या आत वापरावी. केवळ तिच्या भरवशावर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेटी पक्क्या भिंतींच्या, घरातील सर्वांत थंड खोलीत जमिनीवर ठेवावी, मात्र चुलीजवळ किंवा घराबाहेर पडण्याच्या वाटेवर नको. माठ किंवा कूलरच्या शेजारची ओल कनेक्टरला गंज आणते. फ्रिजही टाळावा. बाहेर काढताच बॅटरीवर दव धरते, शिवाय जेथे अन्न ठेवतो तेथे या वस्तूला जागा नाही.

फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये आणि ‘हवा काढण्यासाठी’ टोचू तर मुळीच नये. ती गरम नसेल आणि गळत नसेल, तर अंगणात मोकळ्या जमिनीवर, विटांच्या आळ्यात ठेवून त्याच बल्बने पूर्ण उतरवावी आणि बल्ब विझल्यावर कनेक्टरवर चिकटपट्टी गुंडाळावी. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. पण त्यात बाहेरचे टोक आधी गंजते, आतला चार्ज तसाच राहतो आणि बॅटरी निकामी झाल्याचा खोटा भरवसा मिळतो. भंगारवाल्याकडेही देऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विक्रेत्याकडे किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे ती सोपवावी. बॅटरीतून धूर निघू लागला, तर जवळ जाऊ नये. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू असतो. माणसे आणि जनावरे वाऱ्याच्या उलट दिशेला न्यावीत आणि आजूबाजूच्या वस्तू पेटणार नाहीत, यासाठी लांबून भरपूर पाणी मारावे.

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे फवारणीचा ड्रोन आहे. त्याच्या मोठ्या बॅटऱ्यांनाही हेच नियम लागू होतात का?
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तत्त्व तेच, पण धोका पुष्कळ मोठा. बारा सेलच्या, २२,००० एमएएच बॅटरीत वरच्या खेळण्याच्या बॅटरीच्या सुमारे चाळीसपट ऊर्जा असते. साठवणीच्या चार्जचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. काही बॅटऱ्या ठरावीक दिवसांनी आपोआप उतरून त्या पातळीवर येतात. आपल्या बॅटरीत ही सोय आहे की नाही, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. उड्डाणानंतर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ती तासभरही राहू देऊ नये. गटातील एका महिलेकडे बॅटऱ्यांची वही द्यावी आणि तीत महिन्याच्या तपासणीचे आकडे, फुगवटा दिसल्यास त्याची तारीख आणि उड्डाणांची संख्या नोंदवावी. वॉरंटीच्या दाव्याच्या वेळीही ही वही उपयोगी पडेल.