व्हेंटचं बॉनेट आणि पावसाचं पाणी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बॉनेटला व्हेंट, म्हणजे इंजिनची गरम हवा बाहेर सोडणारा झरोका, असलेल्या गाड्यांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दोन व्हेंट असलेलं कार्बन फायबरचं बॉनेट घेतलं आहे. जुनं काढून हे बसवायचं काम घरी करता येईल का? सुरुवात कुठून करावी?

करता येईल, पण एकट्याने नाही. बॉनेट उचलायला दोघं लागतातच. एकट्याने प्रयत्न केला की मागचा कोपरा विंडस्क्रीनवर किंवा फेंडरवर आपटतो.

आधी जुन्या बॉनेटचे हिंज जिथे बसतात, तिथे मार्करने कडेकडेने रेघ मारून घ्या. वॉशरच्या पाण्याची नळी आणि वायरिंग सोडवा, फेंडरच्या मागच्या कोपऱ्यांवर जाड कापड टाका. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून हिंजचे बोल्ट काढा. गॅस स्ट्रट (बॉनेट उचलून धरणारे दांडे) असतील तर ते हिंजचे बोल्ट काढण्याआधी सोडवा, तेही बॉनेटला दुसरा भक्कम आधार दिल्यावरच.

नवं बॉनेट पेंट किंवा लॅकर करण्याआधी एकदा कोरंच बसवून बघा. फायबरचे साचे एकसारखे नसतात, त्यामुळे कडा थोड्या घासाव्या लागतील हे धरूनच चला. रंग झाल्यावर कड घासायची वेळ आली, तर रंगाचे पैसे वाया गेले.

आणि पहिल्यांदा बॉनेट लावताना स्ट्रायकर, म्हणजे बॉनेटखालची जी कडी लॅचमध्ये अडकते ती, काढून ठेवा. हे जवळजवळ सगळे विसरतात. स्ट्रायकर एखाद-दोन मिलिमीटर सरकलेला असेल, तर बॉनेट लॅचमध्ये अडकतं आणि केबल ओढूनही उघडत नाही. मग ग्रिल काढून आत हात घालायची वेळ येते. आधी स्ट्रायकरशिवाय चारही बाजूंच्या फटी जुळवा. डावी-उजवी फट सारखी आली पाहिजे, बहुतेक गाड्यांत ती ४ ते ५ मिमी असते. पुढे-मागे सरकवायचं ते हिंजच्या लांबट भोकांतून, पुढची उंची रबरी स्टॉपर फिरवून. हे जुळलं की मग स्ट्रायकर, तोही आधी हातानेच आवळून.

बोल्ट आवळण्याचा मॅन्युअलमधला आकडा लोखंडी बॉनेटसाठी असतो. कंपोझिटमध्ये, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या कार्बन किंवा फायबरच्या बॉनेटमध्ये, हिंजच्या जागी धातूचा इन्सर्ट आहे का ते बघा. नसेल तर मोठ्या व्यासाचे वॉशर घाला आणि जपून आवळा, नाहीतर रेझिन चिरडतं आणि महिन्याभरात बोल्ट ढिला पडतो. मूळचे गॅस स्ट्रटही या हलक्या बॉनेटला जास्त होतात. बंद असतानासुद्धा ते खालून रेटत राहतात आणि हिंजजवळचे कोपरे फुगतात. कमी ताकदीचे स्ट्रट घ्या, नाहीतर साधी आधाराची दांडी बरी.

पुढे दोन बॉनेट पिन, म्हणजे बॉनेट वरून अडकवून ठेवणाऱ्या खिळी, लावाच. कंपोझिट बॉनेटमध्ये लॅचची जागा पातळ असेल, तर वेगात वारा आत शिरून बॉनेट उलटं विंडस्क्रीनवर येऊ शकतं. मूळचा सेफ्टी हूक काढून टाकू नका. शिवाय या बदलाबद्दल इन्शुरन्सवाल्यांना आणि तुमच्याकडच्या वाहन नियमांना काय चालतं, ते पैसे खर्च करण्याआधी विचारून घ्या.

प्रश्न : व्हेंट अगदी इग्निशन कॉइलच्या (स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या भागाच्या) वर येतात. पाऊस थेट इंजिनवर पडेल. इंजिन बिघडेल का?

गाडी चालू असताना काळजी कमी. व्हेंट योग्य जागी, म्हणजे रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या ते मधल्या भागात असेल, तर तिथे बाहेरचा दाब कमी असतो. आतली गरम हवा वर फेकली जाते आणि येणारे थेंबही सोबत उडवते. खरी अडचण उभ्या गाडीची. रात्रभर पाऊस पडला आणि गाडी उघड्यावर असली, की पाणी सरळ खाली येतं आणि ते बाहेर ढकलायला हवा नसते.

किती पाणी, ते मोजता येतं. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ३०० × १०० मिमीचा एक व्हेंट म्हणजे ०.०३ चौरस मीटर. तासाला ५० मिमी पडणाऱ्या जोरदार पावसात त्यातून दीड लिटर पाणी येईल, दोन व्हेंटमधून तीन. हे फक्त वरून थेट पडणारं. बॉनेट पुढच्या बाजूला उतरतं असतं, त्यामुळे उभ्या गाडीत व्हेंटच्या मागच्या भागावर पडलेलं पाणीही ओघळत व्हेंटपर्यंत येतं. व्हेंटची कड बॉनेटशी सपाट असेल, तर तेही आत जातं आणि दीड लिटरचे कितीतरी जास्त होतात. म्हणून कडेला, विशेषतः मागच्या आणि बाजूच्या कडेला, ५ ते ८ मिमी उंच काठ हवाच. विकत घेताना हाताने चाचपून बघा. पुष्कळ स्वस्त बॉनेटना तो नसतो.

बिघाडाचं म्हणाल तर इंजिनच्या धातूला पाण्याचं काही नाही. त्रास होतो तो काही ठरावीक जागी. कॉइल वर असलेल्या इंजिनात पाणी स्पार्क प्लगच्या विहिरीत साचतं, ठिणगी प्लगच्या बाहेरूनच निसटते आणि सकाळी गाडी सुरू केली की थरथर, मिसफायर. स्कॅनरवर पी०३०० ते पी०३०४ असे कोड दिसतात. अल्टरनेटर चिखलाचे शिंतोडे सोसतो, पण रोज एकाच जागी टपटप पडलं तर बेअरिंग आणि स्लिप रिंगला गंज धरतो. फ्यूज बॉक्सचं झाकण वरून येणारं पाणी अडवतं, तरी त्याचं सील फाटलेलं नाही ना ते बघा. बेल्टवर पाणी पडलं तर सुरुवातीला किंचाळेल. काही सेकंदांत थांबला तर सोडून द्या.

कॉइलच्या रबरी बुटात आतून डायलेक्ट्रिक (वीज वाहू न देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या. धातूच्या टोकावर गोळा थापू नका.

प्रश्न : व्हेंटखाली पाण्याचा ट्रे बसवा असं सगळे सांगतात. नेमका कसा बनवायचा? जाळी लावली तर चालणार नाही का?

जाळीने पानं अडतात, पाणी अडत नाही. ट्रेच हवा. पण ट्रे व्हेंटला अगदी चिकटवला तर हवाच कोंडते, मग व्हेंट असून नसल्यासारखा. तेव्हा पाणी वळवायचं आणि हवा मोकळी सोडायची. छपराच्या पन्हळीचंच काम आहे हे.

ट्रे आणि बॉनेटमधल्या फटीचा हिशेब असा. ३०० × १०० मिमीच्या व्हेंटचं क्षेत्रफळ ३०,००० चौ. मिमी, परिघ ८०० मिमी. हवा ट्रेच्या चारही बाजूंनी येणार, म्हणून फट ३०,००० ÷ ८००, म्हणजे ३७.५ मिमी असली की व्हेंटइतकीच वाट मिळते. इतकी जागा बहुतेक गाड्यांत नसते. ३० मिमी मिळाली तरी ऐंशी टक्के वाट राहते, तेवढ्यावर भागतं. फट मोजायची ती ट्रेच्या तळापासून नव्हे, ट्रेच्या काठाच्या टोकापासून.

ट्रे व्हेंटपेक्षा किती मोठा? सगळ्या बाजूंनी निदान फटीइतका. वाऱ्याने पाऊस ४५ अंशात आला, तर ३० मिमी खाली जाताना थेंब ३० मिमी आडवाही जातो. म्हणजे ३० मिमी फटीला ३६० × १६० चा ट्रे, कडेला ८ मिमी काठ वळवलेला. पत्रा १ मिमी ॲल्युमिनियमचा. थ्रीडी प्रिंटवाले पीएलए नावाच्या प्लास्टिकचे ट्रे विकतात, ते घेऊ नका. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि टर्बोच्या वर तर ते टिकायचंच नाही.

जागा आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे अंगठ्याएवढे गोळे इंजिनच्या उंच भागांवर ठेवा: कॉइल, ऑइल फिलर कॅप, इनटेक पाइप. बॉनेट हळू लावा, उघडा आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. त्यातून फट, काठ, पत्रा वजा केल्यावर २० मिमी तरी उरली पाहिजे. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन माउंटवर डुलतं. कमी जागा ठेवली तर ट्रे कॅपवर घासून भोक पडेल.

उतार ठरवताना लोक चुकतात. बॉनेट पुढे उतरतं, म्हणून ट्रेचा सर्वांत खालचा कोपरा पुढचा-बाहेरचा येतो. तिथेच १२ मिमी आतल्या व्यासाचा नोझल लावा. नळी हिंजकडे नेऊ नका. बॉनेट मागे चढतं, पाणी चढत नाही. नळी तिथूनच खाली, फेंडरच्या आतल्या बाजूला हेडलाइटच्या मागे सोडा, टोक मोकळं. बेल्ट, फॅन आणि एक्झॉस्टपासून लांब, आणि बॉनेट उघडताना ताण येणार नाही एवढी ढील. दीड लिटर तासाला म्हणजे मिनिटाला २५ मिली, त्याला ६ मिमीची नळीही पुरेल. पण एक सुकलेलं पान तिला बंद करतं, म्हणून १२.

बसवायला व्हेंटभोवती एम५ चे (५ मिमी जाडीचे) सहा स्टड, म्हणजे डोकं नसलेले बोल्ट, पुरतात. कार्बनला भोकं पाडू नका. मोठ्या चकतीचे स्टड इपॉक्सीने चिकटवा. आधी ८० नंबरच्या पेपरने जागा खरखरीत करा, पुसून कोरडी करा आणि २४ तास हात लावू नका. उंचीसाठी ॲल्युमिनियमचे स्पेसर, वरून नायलॉक (आपोआप ढिले न होणारे) नट. कार्बन आणि ॲल्युमिनियम ओले असताना एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झपाट्याने कुजतं, म्हणून मध्ये रबरी वॉशर हवाच. सीलंट पॉलियुरेथेनचं किंवा न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला खातं.

मग चाचणी. इंजिन थंड आणि बंद. कॉइल, फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरच्या बॉक्सवर वर्तमानपत्राचे तुकडे टेपने चिकटवा. झारीने किंवा फवाऱ्याने दहा मिनिटं पाणी सोडा. प्रेशर वॉशर नको, त्याची धार कुठलाच ट्रे अडवत नाही. बॉनेट उघडण्याआधी पाच मिनिटं थांबा, नाहीतर ट्रेमधलं उरलेलं पाणी मागे सांडेल आणि तुम्हाला वाटेल ट्रे गळतो. कागद कुठे भिजला ते बघा. हीच चाचणी गाडीचं तोंड चढाकडे करूनही घ्या. तेव्हा बॉनेट जवळजवळ आडवं होतं आणि पाणी मागच्या काठावर येतं. तिथे भिजलं तर पुढचे स्पेसर २ ते ३ मिमी वाढवा आणि तेवढी जागा आहे का ते मातीच्या गोळ्याने पुन्हा तपासा.

प्रश्न : पावसात सिग्नलला थांबलो की व्हेंटमधून वाफ येते. इंजिन तापलंय का?

बहुतेक वेळा नाही. थेंब गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या हीट शील्डवर पडतात आणि उडतात. ही वाफ पांढरी, बिनवासाची असते आणि गाडी निघाली की दिसेनाशी होते. गोडसर वास आला, तापमानाचा काटा नेहमीच्या वर गेला किंवा कोरड्या दिवशीही वाफ दिसली, तर ते कूलंट आहे. इंजिन बंद करा, आणि रेडिएटरची कॅप गरम असताना उघडू नका.

प्रश्न : व्हेंटचं बॉनेट परवडत नाही. हिंजखाली वॉशर घालून मूळ बॉनेटची मागची बाजू उचलली तर गरम हवा निघेल ना?

निघेल असं वाटतं खरं. पण विंडस्क्रीनच्या पायथ्याशी गाडी चालताना बाहेरचा दाब जास्त असतो, त्यामुळे वेगात हवा बाहेर यायच्या ऐवजी आतच शिरते. उभ्या गाडीत थोडी गरम हवा वर निघते, एवढाच फायदा. उलट मागचं रबरी सील दबत नाही, पाऊस थेट फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) वायरिंगवर जातो आणि केबिनची हवा जिथून आत घेतली जाते त्या जाळीजवळ इंजिनचा धूर पोचतो. वॉशर काढून टाका.

व्हेंट कुठे चालेल हे पैसे खर्च न करता बघायचं असेल, तर १० सेमी लोकरीचे धागे बॉनेटवर ओळीने टेपने लावा आणि शेजारच्या गाडीतून दुसऱ्या कोणाला तरी व्हिडिओ घेऊ द्या. धागे मागे सपाट पडतात तिथे हवा चिकटून वाहते. उलटे फिरतात किंवा थरथरत उभे राहतात ती जागा सोडा.

प्रश्न : इंजिनची हवा गाळणारा उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर व्हेंटच्या अगदी खाली आहे. पाण्याने इंजिन लॉक होईल का?

व्हेंटमधल्या थेंबांनी सहसा नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो, तो प्रकार बहुधा इनटेकचं तोंड साचलेल्या पाण्यात बुडाल्यावर घडतो. पण भिजलेला फिल्टर हवा कमी देतो, इंजिनची ताकद कमी होते, आणि तेल लावलेल्या कॉटनच्या फिल्टरमधलं तेलही धुऊन जातं. ट्रे आधी फिल्टरच्या वर येईल असा बसवा. जागा नसेल तर फिल्टरवर पाणी झटकणारं कापडी आवरण घाला आणि ते चिखलाने बंद होतंय का ते बघत राहा.

प्रश्न : गाडी उभी असताना व्हेंट झाकायला चुंबकाची शीट चालेल का?

लोखंडी बॉनेट असेल तरच. कार्बन, फायबर आणि ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही. त्यापेक्षा व्हेंटच्या मापाची पट्टी पाव वळशाच्या फास्टनरने बसवा, खाली ३ मिमी फोमची पट्टी. अशी झाकणं चुकून तशीच राहिली आणि गाडी निघाली तरी मोठं नुकसान नाही. मूळ बॉनेटला व्हेंट नव्हताच. टेपने प्लास्टिक चिकटवायचा उपाय मात्र नको. ते वाऱ्याने निघून वायपरखाली जातं, आणि टेप काढताना लॅकरही उचकटतं.